कलेची चुकीची वकिली

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी एखादी कला जोपासावी, असं आता जवळपास सगळेच म्हणतात. प्राचार्य गॅदरिंगच्या भाषणात म्हणतात, पालक प्रवेशाच्या वेळी म्हणतात, समुपदेशक म्हणतात, प्लेसमेंटचं काम पाहणारे प्राध्यापकही म्हणतात. आणि लगोलग कारणं सांगतात. कलेनं अभ्यासाचा ताण हलका होतो. आत्मविश्वास येतो. चारचौघांत बोलायची भीती जाते. गटात काम करायची सवय लागते. बायोडेटात एक ओळ वाढते, आणि आता नव्या अभ्यासक्रमात त्याचे क्रेडिटही मिळतात. ही सगळी कारणं चांगल्या मनानं दिलेली असतात, म्हणून त्यांना कोणी हरकत घेत नाही. मला घ्यायची आहे. अठरा-वीस वर्षांच्या मुलाचं एखाद्या रागाशी, चित्राशी, नाटकाशी जे नातं जुळतं, ते या कारणांमुळे जुळत नाही आणि या कारणांवर टिकतही नाही. या कारणांच्या जोरावर कलेला कॉलेजात जागा मिळवून देणारे लोक त्या नात्याचंच नुकसान करत आहेत, असं माझं म्हणणं आहे. कलेला उघड विरोध करणाऱ्यांशी आज माझं भांडण नाही. भांडण आहे ते कलेच्या बाजूनं बोलणाऱ्यांशी.

ताणापासून सुरुवात करते, कारण हे कारण सर्वांत जास्त चालतं. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पाहून बाहेर आलेल्या मुलाचा ताण हलका झालेला असतो का? शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्या तोंडावर येतो. ज्याच्या वर्गात एखादा जब्या बसतो, त्या मुलाला दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघणंसुद्धा अवघड होतं. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलं, त्याला पन्नासहून अधिक वर्षं उलटली. आजची मुलं ते बसवायला घेतात तेव्हा ब्राह्मणांच्या त्या रांगेची भिंत होते कशी, डोलते कशी, हे शिकता शिकता त्यांना एक प्रश्न छळायला लागतो. समोर चाललेला अन्याय झाकायला माणसं अशी खांद्याला खांदा लावून उभी राहतात, तर आपण रोज कुठल्या रांगेत उभे असतो? या प्रश्नानं कोणाचा ताण गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. वाढल्याचं मात्र पाहिलं आहे, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

संगीताचंही तसंच. विलंबित ख्याल पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला शांत वाटत नाही, कंटाळा येतो. पंधरा मिनिटं झाली तरी गाणं अजून सुरूच झालेलं नाही असं त्याला वाटतं. ज्याला नुसता ताण घालवायचा आहे तो इथे उठून जातो, आणि त्यानं खुशाल जावं. त्यासाठी मैदान आहे, झोप आहे, मित्र आहेत. जो बसून राहतो त्याला आपण का बसलो आहोत हे सांगता येत नाही. मग कधीतरी किशोरी आमोणकरांचा भूप ऐकताना, त्या गंधारावर पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी तो गंधार निराळा लागतो, हे एकाएकी त्याच्या कानाला उमगतं. त्या क्षणी त्याला जे होतं त्याला विश्रांती म्हणता येणार नाही. त्या रात्री तो जागाच राहतो. या अनुभवाला ताणमुक्तीच्या खात्यात टाकणाऱ्यांना तो कधी आला नसावा, किंवा आला असेल तर ते विसरले असावेत.

दुसरं कारण व्यक्तिमत्त्व विकासाचं. हे जास्त नुकसानकारक आहे, कारण यात कलेतल्या चांगल्या-वाईटाचा प्रश्नच निकालात निघतो. पुण्याची महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ची आरोळी ज्यांनी एकदा दिली आहे, त्यांना या स्पर्धेबद्दल मी काही सांगायला नको. २०२२ साली अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला दिला नाही. त्या तोडीचं काही दिसलं नाही, असा त्यांचा निर्णय होता. त्यावर बरीच चर्चा झाली, वाद झाला. वादात दोन वेगळे आक्षेप होते आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. एक असा की परीक्षकांचं मूल्यमापन चुकलं, अमुक एकांकिका करंडकाच्या लायकीची होती. हा आक्षेप मला मान्य होवो न होवो, तो कलेबद्दलचा आहे, त्यावर रात्रभर भांडता येतं. दुसरा आक्षेप असा की मुलांनी एवढे कष्ट घेतले, महिनोन्‌महिने तालमी केल्या, त्यांचा हिरमोड करायचा कशाला, प्रोत्साहन द्यायला हवं होतं.

या दुसऱ्या आक्षेपाशी मला भांडायचं आहे. एकांकिकेचं मोल जर त्यातून मुलांचं व्यक्तिमत्त्व घडण्यात असेल, तर वाईट एकांकिका आणि चांगली एकांकिका यांत फरक उरत नाही. दोन्हींत सारख्याच तालमी होतात, सारखंच पाठांतर होतं, सारखाच आत्मविश्वास येतो. फसलेल्या नाटकातून तर अपयश पचवायची ताकदही येते, म्हणजे ते वरचढच ठरावं. मग परीक्षक कशाला हवेत? सहभागाची प्रमाणपत्रं छापली की काम भागतं. पण ज्या मुलांनी ते नाटक बसवलेलं असतं त्यांना हे चालत नाही. त्यांना विचारा. आपला तिसरा प्रवेश पडला, हे त्यांना निकालाच्या आधी ठाऊक असतं. प्रकाशयोजना करणारा मुलगा एक क्यू दोन सेकंद उशिरा गेला म्हणून आठवडाभर अस्वस्थ असतो. त्या दोन सेकंदांनी त्याच्या व्यक्तिमत्त्वाचं काही बिघडलेलं नसतं. नाटकाचं बिघडलेलं असतं. तो स्वतःसाठी हळहळत नाही, त्या प्रवेशासाठी हळहळतो. कलेशी नातं म्हणतात ते हे. आपल्यापेक्षा वेगळं, आपल्याबाहेरचं काहीतरी नीट व्हावं याची तळमळ. तुझा विकास झाला ना, मग झालं, असं त्याला सांगणं हा त्या तळमळीचा अपमान आहे. करंडक न देणाऱ्या परीक्षकांचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मला इथे ठरवायचं नाही. पण त्यांनी त्या मुलांना कलावंतांचे निकष लावले, आणि पाठीवर थाप मारणाऱ्यांनी लहान मुलांचे.

आता बुद्धीचं कारण. संगीत ऐकलं की डोकं तल्लख होतं, हे वाक्य पालकांच्या सभेत मी अनेकदा ऐकलं आहे. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे या दाव्याचा उगम मी तपासून पाहिला आहे, आणि तो नेमका कॉलेजच्या विद्यार्थ्यांपाशीच येऊन थांबतो. १९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांचा एक छोटा लेख ‘नेचर’मध्ये आला. ३६ विद्यार्थी होते. त्यांना दहा मिनिटं मोत्सार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा ऐकवला, दुसऱ्या वेळी विश्रांतीच्या सूचनांची टेप ऐकवली, तिसऱ्या वेळी नुसती शांतता, आणि दर वेळी आकृत्यांची कोडी घातली. मोत्सार्टनंतर गुण थोडे वाढले. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, हे त्याच लेखात नमूद होतं. पण बाहेर वार्ता गेली ती मोत्सार्ट ऐकल्यानं हुशारी वाढते अशी. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताची सीडी पोचवण्यासाठी अंदाजपत्रकात १,०५,००० डॉलर मागितले. पुढच्याच वर्षी इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा परिणाम नीट दिसला नाही. आणखी एका प्रयोगात मोत्सार्टच्या जोडीला स्टीफन किंगची एक कथा ऐकवली गेली. ज्यांना कथा जास्त आवडली त्यांनी कथेनंतर कोडी चांगली सोडवली. म्हणजे मोत्सार्टची जादू वगैरे काही नव्हती. आवडतं काही ऐकलं की माणूस घटकाभर तरतरीत होतो, एवढाच त्याचा अर्थ.

याहून मोठं काम २००० साली हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरोमध्ये एलन विनर आणि लॉइस हेटलंड यांनी केलं. कला शिकल्यानं इतर विषयांतले गुण वाढतात का, याबद्दल तोवर झालेले अभ्यास त्यांनी गोळा करून एकत्र तपासले. वर्गात नाट्यप्रयोग केल्यानं भाषेची समज वाढते, संगीताचा अवकाशबोधाशी काही संबंध दिसतो, एवढं हाती लागलं. कलांच्या शिक्षणामुळे गणित-भाषेतले गुण वाढतात, हा जो मोठा दावा होता, त्याला आधार सापडला नाही. मला त्या दोघींच्या आकड्यांपेक्षा त्यांनी दिलेला इशारा महत्त्वाचा वाटतो. कलेची जागा जर इतर विषयांतल्या फायद्यावर उभी केली, तर तो फायदा दिसला नाही त्या दिवशी कलेची जागाही जाईल. आपल्याकडच्या वकिलांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. संवादकौशल्यासाठी नाटक, असं एकदा मान्य केलं की संवादकौशल्याचा चाळीस तासांचा कोर्स विकणारी कंपनी दारात उभी राहते. तिचा निकाल जास्त मोजता येतो, तिला तालमीची खोली लागत नाही, आणि तिच्यामुळे रात्री नऊला वॉचमनला थांबावं लागत नाही. त्या स्पर्धेत नाटक हरणारच.

क्रेडिटचं प्रकरण याच वाटेवरचं पुढचं ठाणं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रम म्हणून क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना यांच्या बरोबरीनं सांस्कृतिक उपक्रम आणि ललित कलाही आल्या. स्वायत्त कॉलेजांत आधी आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही. कागदावर ही चांगली गोष्ट आहे आणि ती आणणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका नाही. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तास आले की हजेरी आली, हजेरी आली की पुरावा आला. नॅकच्या फाइलसाठी प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग केलेला फोटो लागतो, अहवाल लागतो, फीडबॅक फॉर्म लागतात, आणि या उपक्रमाचं फलित कुठल्या ‘कोर्स आउटकम’शी जुळतं याचा तक्ता लागतो. चित्रप्रदर्शनाला नेलेली मुलं आधी फलकासमोर रांगेत उभी राहून फोटो काढतात. तो झाला की त्यांतल्या बऱ्याच जणांच्या लेखी प्रदर्शन संपलेलं असतं. यात मुलांचा दोष नाही. काय मोजलं जाणार हे त्यांना अचूक कळतं. आपणच त्यांना ते बारा वर्षं शिकवलेलं आहे.

मला नातं म्हणायचं आहे ते कुठे दिसतं? वहीच्या शेवटच्या पानावर दिसतं. उत्तरपत्रिका तपासताना आणि जर्नलवर सह्या करताना मी ती पानं पाहते. कोणी ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वेगवेगळ्या वळणांनी पुन्हा पुन्हा काढलेले असतात, बोरू धरल्यासारखे जाड-बारीक. कोणी समोरच्या बाकावरच्या मुलीचा नुसता मानेपाशी आलेला अंबाडा काढलेला असतो, आणि तो जमलेला नसतो म्हणून शेजारी पुन्हा. कोणी गाण्याच्या मात्रा लिहिलेल्या असतात, सोळा रकाने पाडून. हे कोणाला दाखवायचं नसतं. मी पाहिलं हे कळलं तर मुलं पान उलटतात. त्या पानावर जे चाललेलं असतं ते चांगलं असेलच असं नाही, बहुतेकदा नसतंच. पण त्यात एक गोष्ट असते जी पुढच्या सगळ्या पानांवर नसते: तिथे मुलगा स्वतःच परीक्षक आहे. हा ‘क्ष’ बरा, हा नाही, हे तो स्वतः ठरवतो, कोणत्याही उत्तरसूचीवाचून. अठराव्या वर्षी माणसाला स्वतःच्या नजरेनं निवाडा करण्याची इतकी थोडी संधी मिळते की ही जागा राखणं हे कॉलेजचं कर्तव्य आहे असं मी मानते.

एका सहलीचं सांगते. सातारा जिल्ह्यात औंधला श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेला संग्रह १९३८ पासून तिथे डोंगरावर आहे. रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, लघुचित्रं आहेत, आणि या सगळ्यांच्या सोबतीला हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे. विसाव्या शतकातला एवढा मोठा शिल्पकार मराठी मुलखातल्या एका गावात भेटतो, हे माझ्या विद्यार्थ्यांतल्या कोणालाच माहीत नव्हतं. दोन मुली त्या शिल्पापाशी थांबल्या. एकीचं म्हणणं होतं की रविवर्म्याच्या बायका बघितल्यावर हे बघवतच नाही, याला आई कोण म्हणेल. दुसरीला नेमकं उलट वाटत होतं: ती चित्रं तिला नाटकातल्या बायकांसारखी वाटली आणि ही दगडातली आई खरी. परतीच्या बसमध्ये त्यांचं हे भांडण चालूच होतं. आजूबाजूचे गाणी म्हणत होते, आणि या दोघी तावातावानं एकमेकींना समजावत होत्या. दोघींपैकी कोणाचंच मत बदललं नाही. सहलीच्या अर्जात ‘शैक्षणिक फलित’ असा एक रकाना होता. बसमधलं ते भांडण त्या रकान्यात बसत नाही. त्यातून कोणतंही कौशल्य वाढलं असं मी म्हणणार नाही, आणि तरी त्या वर्षात मी शिकवलेल्या कशापेक्षाही ते मला मोलाचं वाटतं. आपल्याला हे का आवडतं, याचं उत्तर स्वतःच्या आत शोधायची वेळ त्या दोघींवर आली होती.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येते. तो मला माझ्याच सहकाऱ्यांनी घातलेला आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ते म्हणतात: मॅडम, हे सगळं पोटभरल्या घरातल्या मुलांचं झालं. आपल्याकडे येणारा मुलगा घरातला पहिला पदवीधर असतो. बापानं कर्ज काढलेलं असतं. मेसचे पैसे, खोलीचं भाडं, शिष्यवृत्तीचा अडलेला हप्ता यांत तो पिचलेला असतो. त्याला आणि त्याच्या घरच्यांना कलेचा उपयोग सांगितला नाही तर तो कलेकडे वळणारच नाही. उपयोग हे त्याच्यासाठी उघडलेलं दार आहे, ते तुम्ही बंद करताय.

या म्हणण्यात खरी कळकळ आहे. पण त्यात एक गृहीत धरलेलं आहे, की गरिबाला कलेची ओढ आपणहून नसते, ती लाभाचं आमिष दाखवून लावावी लागते. महाराष्ट्रात राहून असं कसं म्हणवतं? १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीनं तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाडा नुकताच निजामाच्या राजवटीतून बाहेर आला होता. तिथे आलेल्या मुलांहून गरीब आणि पिचलेले विद्यार्थी कुठे दाखवता येतील? नोकरीची, वसतिगृहाची, दोन वेळच्या जेवणाची चिंता त्यांना आजच्या कोणाहीपेक्षा कमी नव्हती. आणि त्याच आवारात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं, विद्यार्थ्यांनी ते केलं. पुढे त्याच परिसरातून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभं राहिलं, गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशकं चालवलं, आणि दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांचं पहिलं लिखाण त्यात आलं. या मुलांना कोणी सांगितलं होतं, की नाटक केल्यानं मुलाखतीत बोलायला बरं पडेल? त्यांनी नाटक केलं कारण त्यांना काही म्हणायचं होतं, आणि ते अर्जात किंवा निवेदनात मावणारं नव्हतं. कोणी म्हणेल, हाही उपयोगच झाला, समाजाचा. झाला असेल. पण तो नाटकाच्या आत शिरल्यावर झाला. नाटकाच्या दारावर टांगलेला नव्हता.

माझं मत तर सहकाऱ्यांच्या बरोबर उलट आहे. ज्या मुलाच्या आयुष्यात प्रत्येक गोष्टीचा हिशेब आहे, एसटीच्या पासचा, झेरॉक्सच्या पानांचा, एटीकेटीच्या फीचा, त्यालाच हिशेबाबाहेरच्या एका जागेची सर्वांत जास्त गरज आहे. श्रीमंत मुलाला ती जागा घरी मिळते. घरात तंबोरा असतो, आई गाण्याला नेते, तिकिटाचे पैसे कोणी विचारत नाही आणि गाणं आवडलं नाही तर त्याचं काही बिघडत नाही. गरीब मुलाला मात्र आपण सांगतो, तू चित्र काढ, पण त्याचा तुला फायदा काय होणार ते आधी समजून घे. आवडणं-नावडणं ही चैन एकाला, आणि फायदा दुसऱ्याला. समान संधीच्या नावाखाली आपण हा भेद जपतो, याचा मला राग येतो.

शिस्तीचा मुद्दाही निघतो: क्रेडिट नसतील, मोजमाप नसेल तर मुलं उडत उडत करतील. कलेची शिस्त बाहेरून लावावी लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी तबल्याच्या क्लासमध्ये एक संध्याकाळ बसावं. सम चुकली की चुकली. तिथे ग्रेस मार्क नाहीत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर १८७२ पासून पुढे तेरा वर्षांच्या काळात अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. लेण्यांतला अंधार, उखडत चाललेले रंग, आणि समोरची रेषा आहे तशी उतरवायची. सरकारला नोंद हवी होती म्हणून पैसे मिळाले हे खरं. १८८५ मध्ये लंडनमधल्या आगीत त्या नकलांचा मोठा भाग जळाला. सरकारची तेवढी नोंद गेली. पण पद्मपाणीच्या भुवईचं वळण आपल्या हातानं काढून पाहिलेल्या मुलाला ते वळण परत द्यायचा प्रश्नच नव्हता. ते त्याचं झालं होतं, आणि ग्रिफिथ्स यांनाही भारतीय विद्यार्थ्याला याहून चांगले आदर्श नाहीत असंच वाटत होतं.

दोन गोष्टी थोडक्यात, कारण त्यांना जास्त जागा देण्याची गरज नाही. रील आणि मोबाइलनं मुलांचं कलेशी नातं तुटलं, हे रडगाणं मला पटत नाही. गडचिरोलीतल्या मुलीला आज मल्लिकार्जुन मन्सूर तिच्या खोलीत ऐकता येतात; पूर्वी तिला आकाशवाणीची वेळ सांभाळावी लागली असती किंवा मुंबई-पुण्याची वाट धरावी लागली असती. आणि दुसरं, तुम्हाला यातलं काय कळतं, असं विद्यार्थ्याला विचारणारे जाणकार. हे लोक उपयोगवाद्यांच्या विरुद्ध टोकाला उभे असल्यासारखे दिसतात, पण करतात तेच. तेही मुलाच्या आणि चित्राच्या मध्ये एक अट आणून ठेवतात. जाण हळूहळू येते, आणि ती आधी आवडलेल्या गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा गेल्यानंच येते. जहांगीर आर्ट गॅलरीत आत जायला तिकीट लागत नाही. दारातून आत जायला मुलं बिचकतात ती या जाणकारांच्या धाकानं.

यशस्वी माणसांची उदाहरणं मी मुद्दाम दिलेली नाहीत. कॉलेजात एकांकिका करणारा पुढे मोठा नट झाला, वहीत चित्रं काढणारा पुढे नामवंत चित्रकार झाला, अशी नावं मला सांगता येतील. पण त्यानं पुन्हा तोच हिशेब मांडल्यासारखं होईल. माझे विद्यार्थी बँकेत जातील, विमा कंपनीत जातील, एमपीएससी करतील, शेती सांभाळतील. बहुतेकांना आयुष्यात कोणी कलावंत म्हणणार नाही. मी त्यांच्याबद्दलच बोलते आहे. तहसील कार्यालयात बसलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन यमन ऐकतो, आणि आजचा यमन कालच्या यमनापेक्षा उणा का वाटला यावर विचार करतो, एवढ्यानं त्याच्या कार्यालयातला कारभार सुधारेल असं वचन मी देत नाही. मला ते वचन मागणाऱ्यांचीच हरकत आहे.

मग कॉलेजांनी करायचं काय, हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर फार खर्चाचं नाही. ग्रंथालयातली चित्रकलेची मोठी पुस्तकं कुलूपबंद कपाटातून बाहेर काढून टेबलावर ठेवा. पानं मळतील, मळू द्या. संगीताच्या खोलीची किल्ली शिपायाकडे ठेवा, विभागप्रमुखांकडे नको. तालमीला रात्री उशिरापर्यंत एक वर्ग उघडा राहू द्या आणि थांबणाऱ्या वॉचमनला त्याचे जादा पैसे द्या. वर्षातून एकदा औंधला, अजिंठ्याला, किंवा जवळ जे असेल तिथे बस न्या, आणि त्या बसमधल्या कोणाकडूनही अहवाल लिहून घेऊ नका. क्रेडिट द्यायचेच असतील तर त्यांचा संबंध तासांशी ठेवा, फलिताशी ठेवू नका. मुलं बसून राहिली, काही केलं नाही, कंटाळली, तरी ते तास मोजा. आणि त्यातून मुलांना काही मिळालं की नाही हे कळणार कसं, असं व्यवस्थापनानं विचारलं, तर कळणार नाही असं त्यांना सरळ सांगा, आणि पुढच्या वर्षीच्या बसचे पैसे मागा.